आप्पांचं खुराडं

आप्पा पेंटर दुकानात आले की माझ्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. हात काउंटरच्या खाली असले तर म्हणत, "वर काढा की ते. खाली काय चाललंय?" कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं रंगाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आप्पा वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, आणि तेव्हा वडिलांच्याही हातांकडे बघायचे. अख्खी पेठ त्यांना 'वहीमवाले आप्पा' म्हणायची. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण लोक मागं काहीतरी म्हणतात हा वहीम त्यांना होताच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काट्याखाली वाकून बघणारी, दुधाच्या मापात बोट घालणारी, आपण हसलो तर 'का हसलासा?' म्हणून विचारणारी. पण आप्पांची रंग घ्यायची तऱ्हा त्यांच्याही पुढची होती. डबा मी त्यांच्यासमोर फोडायचा, काडीनं ढवळायचा, झाकणावर त्याच रंगाचा ठिपका द्यायचा आणि रंगाचं नाव मोठ्यानं सांगायचं. एवढ्यानं भागत नसे. दुकानात दुसरं एखादं गिऱ्हाईक असावं लागे. नसलं तर आप्पा बाकावर बसून कुणीतरी यायची वाट बघत.

"काय रंग हाय?" ते मला विचारत.

"लाल."

"ह्या पावण्यांस्नी इचारा."

बिचारे पावणे घाबरून डब्यात डोकावत. "लालच हाय की वो."

"असंल. दुकानदाराचं काय सांगावं, वर एक आन आत एक."

मला संताप यायचा. बापाच्या वेळेपासून चोख धंदा करायचा आणि रोज चार लोकांदेखत ह्या माणसाकडून परीक्षा द्यायची! एकदा मी म्हणालो, "आप्पा, तुम्हाला डोळे आहेत ना? स्वतः बघा की." त्यांनी डबा उचलला आणि ते चालते झाले. पुढे कितीतरी दिवस ते दुकानात फिरकले नाहीत. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली. ते पुन्हा आले तेव्हा तीच तऱ्हा, तोच ठिपका, तेच पावणे.

आप्पा आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग त्यांना उसाच्या ट्रॉल्या तेवढ्या उरल्या. हंगामाच्या तोंडावर नव्या ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे कडेच्या पत्र्यावर, मालकाचं नाव आणि भोवती फुलांची वेल, लाल फुलं आणि हिरवी पानं. आप्पांसारखी वेल आमच्याकडे कुणाच्या हातून उतरत नसे, हे मात्र कबूल करायला हवं. राधानगरीकडचे लोक एवढ्या लांबून ट्रॉली घेऊन यायचे. माझ्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ते काम चाले.

आणि त्यांच्या शेजारी खुराडं असे. खुराडं म्हणजे आंब्याच्या फळ्यांची बसकी पेटी. वरच्या फळीला डबडी बसतील अशी गोल भोकं, धरायला वाकवलेल्या सळईची मूठ, आणि एका कडेला फुटक्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. ब्रशाच्या गळ्याची पत्र्याची पट्टी त्याला लावली की ब्रश चटकन चिकटायचा आणि केस न मोडता लटकत राहायचा. साधीच वस्तू, आप्पांनी स्वतः केलेली. पण तिच्यामुळे त्यांच्या कामात एक टिपूस कुठं सांडलेला दिसायचा नाही. "सांजच्याला समद्या कोंबड्या आपापल्या जागंला पायजेत," असं ते म्हणायचे. म्हणून ते खुराडं.

त्या खुराड्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. ब्रश जरी कुणी उचलला तरी आप्पा ओरडत, "ठेव त्यो!" प्रत्येक डबड्याच्या झाकणावर आणि कडेवर त्यांनी खिळ्यानं एकेक खूण केलेली होती. झाकण लावताना दोन्ही खुणा समोरासमोर आणायच्या. दुसऱ्या दिवशी त्या सरकलेल्या दिसल्या की कुणीतरी उघडलं. आणि त्या सरकलेल्या दिसायच्याच. आठवड्यातून एकदा तरी सकाळी ते माझ्या काउंटरवर कोपर टेकून हळू आवाजात सांगायचे, "कुनीतरी हात लावतंय."

"कोण लावणार आप्पा? खुराडं रात्री तुमच्या घरात असतं."

"त्येच तर म्हंतो मी. घरात आमी दोगंच. शेजारचा एक बोका येतोय."

"बोका झाकण उघडून परत लावतो?"

"मी बोक्याचं नाव घेतलं व्हय? मी म्हनलं, येतोय."

आता मीही दुकानदार. संशय आमच्याही रक्तात असतो. एवढी राखण कशासाठी, असं मला वाटायला लागलं. माझ्याकडून चांगला रंग नेऊन त्यात हे कुठलं तरी स्वस्तातलं मिसळत असतील आणि ट्रॉलीचा रंग उडाला की नाव माझ्या दुकानाचं जाईल, हा माझा वहीम. एकदा ते टाकीवर हात धुवायला गेले असताना मी वाकून खुराडं बघितलं. रंग माझाच होता. पण प्रत्येक भोकाच्या कडेला फळीवर चाकूनं खाचा पाडलेल्या होत्या. एका भोकाला एक, दुसऱ्याला दोन, पुढं तीन.

"ह्या खाचा कसल्या?" ते मागे येऊन उभे राहिलेले बघून मी विचारलं.

"उंदरानं कुरतडलंय."

"मोजून?"

"कोल्हापूरचा उंदीर हाय."

त्यानंतर त्यांनी खुराड्यावर जुन्या धोतराचं कापड बांधायला सुरुवात केली. आणि माझा संशय पक्का झाला की आत काहीतरी आहे.

मग ती खंडेनवमी आली. गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्याची नवी ट्रॉली समोर उभी होती. दसऱ्याला दुपारी पूजा करून ती घरी न्यायची होती. नाव लिहून झालं होतं, वेल राहिली होती. आप्पांनी आपली गाडी पूजेसाठी धुवायला दिलेली, त्यामुळे ते चालत आलेले. जाताना ते खुराडं माझ्या दुकानात घेऊन आले. एवढं ओझं चालत कुठं न्यायचं, हा प्रश्न होता. बाहेर ठेवायचं तर समोरच्या गॅरेजवाल्यावर संशय. माझ्यावर संशय त्यातल्या त्यात कमी, असा हिशेब त्यांनी केला असावा. "कापड काडायचं न्हाई," असं दोनदा बजावून ते गेले.

दुकानातल्या हत्यारांची पूजा माझी बायको मंगल मांडते. काटा, मापं, रंग ढवळायचं यंत्र, सगळं धुऊन पुसून. तिला ते धोतरात बांधलेलं खुराडं दिसलं. "आजच्या दिवशी हत्यार असं गुंडाळून ठेवतात का?" म्हणून तिनं कापड सोडलं, डबडी बाहेर काढली, पेटी साबणानं धुतली, डबडी पुसून परत बसवली आणि झेंडूची माळ घातली. मी तेव्हा वखारीत होतो. झाकणांवरच्या खुणा तिला नक्षीसारख्या वाटल्या म्हणून त्याही तिनं नीट समोरासमोर आणल्या. पूजा झाल्यावर माळ काढून वर पुन्हा कापड, पहिल्यासारखी गाठ. मंगलचं काम असं असतं.

दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी कापड सोडलं, खुणा तपासल्या, मान हलवली आणि कामाला लागले. मी दुकानाला तोरण लावत होतो. दोन तासांनी ट्रॉलीचा मालक आला आणि जागच्या जागी थांबला. मीही बाहेर आलो. फाळकाभर आप्पांची ती देखणी वेल पसरलेली होती. तिची पानं लालभडक होती. फुलं हिरवीगार होती.

"पेंटर, ह्ये काय केलासा?" मालक ओरडला.

आप्पा वेलीकडे बघत राहिले. मग आमच्या तोंडांकडे. काहीतरी चुकलंय हे त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळत होतं, वेलीवरून कळत नव्हतं. त्यांनी मागे न बघता हात खुराड्याकडे नेला, भोकाच्या कडेची खाच बोटानं चाचपली आणि पुटपुटले, "डबी हलवली कुनीतरी."

डबी हलवली, हे ठीक. पण ब्रश बुडवताना रंग दिसला नाही? एवढं पान काढून होईपर्यंत? मला एका झटक्यात सगळं कळलं. तो ठिपका, मोठ्यानं नाव घेणं, ते पावणे. माझ्यावर अविश्वास म्हणून जे मी वर्षानुवर्षं मनाला लावून घेत होतो, ते सगळं ह्या माणसाचं माझ्या डोळ्यांनी बघणं होतं. गॅरेजवाला हसायला लागला होता. आणखी दोघे रस्ता ओलांडून येत होते. ही गोष्ट संध्याकाळी सोनं लुटायच्या आत सगळ्या पेठेत झाली असती, आणि रंग न दिसणाऱ्या पेंटरला ट्रॉली कोण देणार?

"उलटी वेल आहे ती," मी म्हणालो. "नजरेची."

"कसली?"

"नव्या ट्रॉलीवर लोकांची नजर असते. बघणाऱ्याचा डोळा उलट्या वेलीवर अडकतो, मालापर्यंत जात नाही. आप्पा सगळ्यांना काढून देत नाहीत."

मालक विचारात पडला. मग हळूच मला म्हणाला, "आमच्या भावकीची नजर लई वाईट हाय बगा." आणि आप्पांकडे वळून, "पावणं, मागल्या फाळक्यावर बी काडा की."

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण त्या हंगामात उलट्या वेलीला मागणी आली. जयसिंगपूरहून एक जण खास तेवढ्यासाठी आला. ज्याची भावकी मोठी, त्याला वेल मोठी हवी. आप्पा तोंड वाकडं करून ती काढत.

मला वाटलं होतं, आता तरी हे माझ्यावर विश्वास ठेवतील. त्याच आठवड्यात ते दुकानात आले, कुणी नाही असं बघून शटरकडे पाठ करून उभे राहिले. "तुमी का बोललासा तसं? तुमाला काय पायजे?"

"काही नको, आप्पा."

"लाल आन हिरवं मला येकच दिसतंय. जल्मापासनं. वस्ताद शिकवायचा तवापासनं जागा पाठ करून चाललोय. डबड्यावर नाव लिवलं असतं तर लोक म्हनली असती, पेंटरला रंग वाचाय लागतोय. कुनाला सांगितलासा?"

"कुणालाच नाही."

"मंडळींस्नी?"

"नाही."

"आमच्या हिला तर मुळीच कळाय नगं. तिच्यापुढं मान खाली जाईल." आणि मग जाता जाता, "सांगितलासा तर मला कळंलच."

विश्वास वगैरे काही नाही. उलट आता दर आठवड्याला माझी चौकशी व्हायला लागली. कुणी त्यांच्याकडे बघून हसलं की ते तडक माझ्याकडे येत. पण एक गोष्ट बदलली. डबा फोडल्यावर ते पावण्यांची वाट बघेनासे झाले. मी "लाल" म्हटलं की ते "असंल" म्हणत आणि नेत. तेवढ्यावर मी खूष होतो, आणि आजही ते आठवलं की बरं वाटतं. 'कुनीतरी हात लावतंय' हे मात्र शेवटपर्यंत चालू राहिलं.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाले, "ह्यात काय घातल्यात कुनास ठाऊक." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हौसाक्का, आप्पांच्या मंडळी, दुकानात आल्या. डोक्यावर पदर, हातात खुराडं, वर तेच धोतराचं कापड. ते काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "तुमी ठिवून घ्या. घरात बगवत न्हाई. आन उद्या पूजा करा ह्येची."

संसारभर नवऱ्यानं ज्या वस्तूला हात लावू दिला नाही, ती त्या उचलून आणत होत्या. आप्पा तुमच्यावर संशय घेत नव्हते, एवढं तरी सांगावं असं वाटलं. पण सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि हौसाक्कांना कळू नये असं आप्पांनी बजावलेलं. मी म्हणालो, "आक्का, त्यांनी तुम्हाला हात लावू दिला नाही, ते मनात धरू नका."

त्या कापडाची गाठ सोडत होत्या. "लावू दिला न्हाई म्हंजे? मी रोज लावत हुते की."

त्यांनी कापड बाजूला सारलं.

"लग्नात माझा हिरवा चुडा बगून ह्ये म्हनलं, लाल बांगड्या झ्याक दिसत्यात. तवाच वळकलं मी. सांजच्याला दमून यायचे, डबडी इकडची तिकडं ठिवायचे. सकाळी त्ये आंघुळीला गेलं की मी बगायची. चुकलं असंल ते जागंला लावायची. झाकनं तेवडी मला त्येंच्यावानी बसवाय येत न्हवती. त्या एका खंडेनवमीला खुराडं घरी आलं न्हाई. मग काय झालं ते ठावं हाय तुमाला."

"मग त्यांना कधी सांगितलं नाही?"

"कसं सांगू? माज्यापुढं मान खाली गेली असती त्येंची."

बोलता बोलता त्यांनी दोन झाकणं उघडून बघितली, लावली, आणि लालच्या जागी बसलेलं हिरव्याचं डबडं उचलून त्याची लालच्या डबड्याशी अदलाबदल केली. "दवाखान्यात जायच्या दिशी ठिवलेलं. त्येवडं राहिलं हुतं."

मग त्यांनी झाकणं फिरवून खुणा समोरासमोर आणायचा प्रयत्न केला. एक खूण जराशी सरकलेलीच राहिली. ती मी अजून तशीच ठेवली आहे. खुराड्याला कुणी हात लावायला गेलं की मी ओरडतो.