बारा व्होल्टांचा हात

नोकरीला सहा महिने झाले होते आणि लग्नाला चार. विक्रोळीच्या एका गाळ्यात आम्ही चौघं जण सोलर पॅनल आणि छोट्या पवनचक्क्या जोडत असू. जिथे विजेची तार पोचलेली नाही तिथे त्या नेऊन बसवायच्या. अशा जागा लांब कुठेतरी डोंगरात असतील असं मला वाटायचं. पण बोरिवलीहून बस आणि पुढे खाडीतली होडी धरली की तासा-दीड तासात कोळ्यांच्या पंधरा-वीस घरांची एक वस्ती लागायची. रात्री तिथून पलीकडच्या इमारतींचे दिवे दिसत आणि वस्तीत कंदील.

तिथल्या सामाईक खोलीवर आम्ही दोन पॅनल बसवले. पवनचक्कीचा खांब उभा करायची मला धास्ती होती, कारण गाळ्यात सरावाला अर्धा दिवस लागला होता. इथे सहा कोळ्यांनी दोर बांधले, डोलकाठी उभारतात तसा एक हाकारा दिला आणि खांब ताठ. आमचे मिस्त्री हसून म्हणाले, "आपण उगाच आलो, यार."

मिस्त्री पन्नाशीचे. ते बाहेर खांबाला ताणून बांधलेल्या तारा आवळत राहिले आणि मी आत बॅटऱ्या जोडायला बसलो. ट्रकच्या दोन बॅटऱ्या, गाळ्यातून चार्ज करून आणलेल्या, एकमेकींना खेटून ठेवलेल्या, एकीच्या प्लसशेजारी दुसरीचा मायनस. दारात बायका गोळा झाल्या होत्या. सगळ्यांत पुढे एक मावशी, डोक्यावर बोंबलांची पाटी, दोन्ही मनगटांत सोन्याच्या पाटल्या आणि मधे हिरवा चुडा.

"शाक बसंल ना रं?" तिने विचारलं.

हाच प्रश्न मला हवा होता. मी दोन्ही तळवे प्लस आणि मायनसच्या त्या शेजारशेजारच्या खुंटांवर ठेवले. "बघा, मावशी. बारा व्होल्ट. काही होत नाही. या, तुम्हीपण लावा हात."

तिने पाटी खाली ठेवली, लुगड्याला हात पुसला आणि आत आली. वाकून तिने उजवा हात पुढे केला. खुंट वीतभर राहिले असतील, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं की होडी लागली. मावशी वळली. "थांब रं, आलेच," म्हणून पाटी उचलून गेली. इतर बायकाही तिच्यामागे गेल्या.

मी पाना घेतला आणि प्लसच्या खुंटावरचा नट आवळायला लागलो. पाना घसरला. माझ्या बोटातली लग्नाची अंगठी एका अंगाने पान्याला टेकली आणि दुसऱ्या अंगाने मायनसच्या खुंटाला.

शॉक बसलाच नाही. फाडकन आवाज झाला, डोळ्यांपुढे निळं-पांढरं काहीतरी उडालं आणि अंगठी लाल झालेली मी पाहिली. माझ्या बोटात असलेली अंगठी, इस्तरीतल्या निखाऱ्यासारखी. हात मागे कसा घेतला ते आठवत नाही. वास मात्र आठवतो. मी ओरडलो असणार, कारण मिस्त्री धावत आले आणि त्यांच्या मागून मावशी.

"हात दे इकडं!" तिने माझं मनगट धरलं, ओढत बाहेर नेलं आणि पापलेटांच्या पेटीतल्या बर्फात माझा हात कोपरापर्यंत दाबला. मी काढू बघत होतो, ती सोडत नव्हती. तिचा हात माझ्या हातावर आणि त्या पाटल्या माझ्या डोळ्यांसमोर, एका हातात चार.

तेव्हा मला कळलं. माझी एक बारीकशी अंगठी. तिचं अख्खं मनगट. हात टेकताना ते त्या शेजारशेजारच्या खुंटांवर आलं असतं तर पाटल्या दोन्हींना टेकल्या असत्या, आणि त्या काही झटकून निघणाऱ्या नव्हत्या. तिला मीच बोलावलं होतं. मावशी म्हणून, हसत.

मी पाटल्यांवरून नजर काढून घेतली.

"थरथरतंस का रं? लय दुखतंय?"

मी मान हलवली. दुखतंय, एवढंच म्हणालो.

बोरिवलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठी कापून काढली. बोट वाचलं, पण आजही ते पूर्ण वळत नाही. गाळ्यात मिस्त्री म्हणाले, "बारा व्होल्ट शॉक देत नाही, हे मीच तुला शिकवलं. अर्धंच शिकवलं रे. दोन्ही खुंटांना धातू टेकला तर काय होतं, ते राहिलं." मग सगळ्यांच्या अंगठ्या आणि घड्याळं एका डब्यात काढून ठेवायची पद्धत पडली. घरी बायकोला कापलेली अंगठी दाखवली. मी तिला मावशीचं सांगितलं, तेव्हा ती ताट बाजूला सारून उठली.

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. वस्तीतल्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मी बॅटऱ्यांसाठी झाकणाची लाकडी पेटी करून घेतली, बाहेर फक्त वायरी. मग बायकांना बोलावून सगळं सांगितलं. मी चुकीचं बोललो होतो, आणि मावशीचा हात वीतभरच लांब होता, हेही.

मावशी ओरडली नाही. तिने पाटल्यांवर पदर ओढला.

"मंग तवा का नाय सांगितलास? बरफात हात धरून व्हते मी तुझा."

"भ्यालो होतो, मावशी."

"मी नाय भ्याले. तू सांगितलंस म्हनून नाय भ्याले," ती म्हणाली.

संध्याकाळी खोलीत ट्यूब लागली. पोरं नाचली, म्हातारे जाळी घेऊन उजेडात बसले. पवनचक्की झकास फिरत होती. मावशी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. मिस्त्रींनी दोनदा हाक मारली, तरी ती आत आली नाही.