जावयाभोवतीची वर्तुळं

लोकांना चांगल्या सवयी लावणं ही माझी सरकारी नोकरी. माझी स्वतःची साखर वाढलेली आहे, ही घरातली गोष्ट. कोरीट माझी सासुरवाडी, म्हणून तिथलं व्याख्यान मी नेमकं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी लावलं. सणालाही काम करणारा माणूस म्हणून कचेरीत माझं कौतुक झालं. बायको घरी गोडाचा वासही घेऊ देत नाही. पण आखाजीला सासरी आलेला जावई खापरावरचे पुरणाचे मांडे न खाता परतला, असं आमच्या खानदेशात होत नाही.

ग्रामपंचायतीसमोर मी मोठा कागद टांगला. त्यावर एकात एक वर्तुळं. मधोमध माणूस, भोवती कुटुंब, मग शेजार, मग गाव, सगळ्यांत बाहेर सरकार. हात पसरून, आवाज चढवून मी म्हणालो, "माणूस नको ते खातो, ते एकट्याच्या जिभेमुळे नाही! वाढतं कोण? आग्रह करतं कोण? माणसाला दोष देऊ नका, वर्तुळं बदला!"

टाळ्या पडल्या. मी कमरेत वाकून त्या घेतल्या.

पुढे बायकोशेजारी सासूबाई बसल्या होत्या. पदर सावरत त्यांनी विचारलं, "पाव्हना, मंग तुम्हनी साखर वाढनी, त्यामा तुम्हना काई दोष नई ना?"

"अजिबात नाही!"

"मंग दोष आम्हना शे."

"शास्त्र तसंच म्हणतं," मी उदारपणे म्हणालो. बायको गालात हसली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

जेवायला बसलो. घरभर मांड्यांचा घमघमाट, आणि माझ्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि वांग्याची भाजी. हात धुण्याच्या निमित्तानं शेजारी सटकलो. शेजारीणबाईंनी बिनसाखरेचा चहा पुढे केला. "आम्हनं दुसरं वर्तुळ ना, जिजाजी!" दुकानाकडे वळलो, तर दुकानदारानं मला पाहून पेढ्यांच्या बरणीवर टॉवेल टाकला. गाव एवढं मन लावून व्याख्यान ऐकतं, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

दाद मागायला आता सरकार तेवढं उरलं होतं. ते तर मीच.

परतलो. माझं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्याही ताटात भाकरीच होती. मांड्यांच्या टोपलीकडे त्यांची पाठ होती. जावयाला मांडा न वाढण्याची त्यांची ही पहिली आखाजी, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सरकारनं मुकाट्यानं पाट ओढला आणि अर्धी भाकरी आणखी मागितली.