जेडची तहान

“तिकडं म्हणं नळ बंदच होत न्हाय,” शेजारच्या शोभाकाकू मम्मीला सांगत होत्या. उमरग्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. पप्पा माझी बॅग डिकीत बसवत होते, आणि मला निरोप द्यायला आलेल्या या दोघी पाण्यावर बोलत होत्या. मी खिडकीशी बसून ऐकत होते. मम्मीला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “बरं हाय की. केस तरी रोज धुईल.”

आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. त्या दिवशी कुणी गावाला जायचं नाही. पिंपं, हंडे, रिकामा कुकर, सगळं भरायचं. मधल्या दिवसांत मम्मी बोटाच्या पेरानं पिंपावर टकटक करायची आणि आवाजावरून पाणी कुठवर आहे ते ओळखायची. मी इंग्लिश मीडियमला होते. शाळेत ‘सेव्ह वॉटर’ची पोस्टरं रंगवून बक्षीस मिळवायचे. पण भाजी धुतलेल्या पाण्यानं मम्मी फरशी पुसते, त्याचा त्या पोस्टरशी काही संबंध आहे हे कधी मनातही आलं नाही.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी आणि रुजुता एका फ्लॅटमध्ये राहू लागलो. ती माझ्याच ऑफिसातली. किचनच्या खिडकीत तिचं जेड होतं, गुबगुबीत पानांचं छोटं झाड. तिच्या बाबांनी एक फांदी खोचून ते वाढवलं होतं. मागच्या वर्षी ते गेले. चार महिन्यांसाठी तिला बंगळूरला जावं लागलं, तेव्हा कुंडी माझ्या हातात देत ती म्हणाली, “तू गावाकडची, तुला झाडं कळत असतील.” पप्पांचं हायवेला टायरचं दुकान आहे. मला टायर कळतात. पण मी नुसतं “हो” म्हणाले. बोलायचं टाळायला मी बऱ्याचदा हो म्हणते.

आणि मग मी त्या झाडाला पाणी घातलं. सकाळी मगभर, संध्याकाळी मगभर. तुम्ही गावात राहिलेले हसाल, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले ओळखतील. आमच्या घरी आल्यागेल्याला आधी पाणी देतात, त्याहून मोठा मान नसतो. इथं तर नळ बंदच होत नव्हता. पानं पिवळी पडली, तेव्हा वाटलं, कमी पडतंय. मग दुपारचंही घातलं. एका रविवारी बुंध्याला बोट लावलं तर ते आत गेलं. कुजका, आंबूस वास आला.

रुजुताचा व्हिडिओ कॉल आला की झाड दिसू नये म्हणून मी कोऱ्या भिंतीला पाठ लावून बसायचे. इंटरनेटवर दहा जणांचे दहा उपाय होते. शेवटी मम्मीला फोन केला. ‘जेवलीस का, झोपलीस का’ यापलीकडं आम्ही फोनवर फारसं बोलत नाही. झाडाचा फोटो पाहून ती म्हणाली, “कोरफडीसारखंच दिसतंय की. मातीतून काढ. काळं झालेलं काप अन् दोऱ्यानं उलटं टांग आठ दिस. तहान लागू दे त्याला.”

आमच्या दारावर नजर लागू नये म्हणून मुळासकट कोरफड उलटी टांगलेली असते. ना माती, ना पाणी, तरी ती हिरवी राहते. दहावीत शाळेतल्या मैत्रिणी येणार होत्या, तेव्हा मी मम्मीला ती काढायला लावली होती. मैत्रिणी गेल्यावर तिनं ती परत टांगली. त्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही.

मी सुरी घेतली. आतला गर स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत कापत गेले. एवढ्या झाडातून दोनच फांद्या उरल्या. त्या पडद्याच्या दांडीला उलट्या टांगल्या. आठ दिवसांनी जाडी वाळू आणि विटेचे तुकडे भरलेल्या लहान कुंडीत खोचल्या. खरं अवघड त्यानंतरच होतं. पानं सुरकुतत होती आणि हात मगाकडं जायचा. तो आवरण्यात तीन आठवडे गेले. मग एका सकाळी टोकाला तांदळाएवढी दोन पानं दिसली. त्या दिवशी ऑफिसात डबा खाताना आपोआप हसू येत होतं. मम्मीला फोटो पाठवला. तिचा उलट निरोप आला, “व्हय. आता जरा ओलं कर. जराच.”

आता मी पाणी घालण्याआधी कुंडी उचलून पाहते. वजनावरून कळतं. कुणी शिकवलं नाही. पिंपावर टकटक करणारं ते पेर माझ्याही बोटाला आहे, इतकंच. घर म्हणताना मला पूर्वी स्टँड, आमची गल्ली, निळं दार दिसायचं. आता हा हात दिसतो. तो मी गाडीतून बरोबर आणला होता आणि मला ठाऊक नव्हतं.

रुजुता परत आली. बॅग ठेवून ती थेट खिडकीतल्या लहान कुंडीपाशी गेली. बाबांच्या झाडातलं केवढंसं उरलं होतं. मग तिनं हळूच एका नव्या पानाला बोट लावलं आणि विचारलं, “काय झालं होतं गं याला?”

‘काही नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

“मीच कुजवलं होतं,” मी म्हणाले. “पाणी घालून घालून. आणि मीच वाचवलं. आमच्या उमरग्यात वाचवतात तसं.”