अण्णांनी जोडलेल्या तारा

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या मोटारसायकलची बॅटरी चार्ज होईना, म्हणून रविवारी मी सीटखालची वायरिंग उघडली. जिथे जिथे वायर तुटली होती, तिथे अण्णांनी हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडला होता; कुठली तार कुठे जाते, ते रंगावरून नव्हे, त्यांनाच ठाऊक होतं. मी वायरिंगचा नकाशा पुढे ठेवून सगळ्या तारा रंगाप्रमाणे लावल्या. अण्णा शेजारी उकिडवे बसून बघत होते. बॅटरी जोडताच तिला चार्जिंग पुरवणाऱ्या रेक्टिफायरमधून धूर निघाला.

"अण्णा, चुकतंय हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. पण तू शिकलेला. म्हटलं, पुस्तकात तसंच असंल."

याच गाडीवर दुधाचे कॅन वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं. हे ऋण मी जाईन तिथे सांगतो. शिक्षणाने घर वर येतं, असंही सांगतो. पण त्याच घरात चाळीस वर्षं चालत आलेला हात एका कागदापुढे गप्प बसायला शिकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो गप्प बसला तो माझ्यामुळेच.

मी पक्कड त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच लावा, अण्णा."

"नको रे बाबा, माझं काहीतरी चुकायचं," म्हणत ते उठले आणि आत गेले.