पाहुण्यांची खुर्ची

कटंगीच्या स्टँडवर धाकटा भाऊ मला घ्यायला आला. हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" आई गेल्यापासून चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. तुमसरपासून मी बसमध्ये भांडणाची तयारी करत आले होते आणि हा प्रवासाची चौकशी करत होता. मला तिथंच संताप आला.

वाद आईवरूनच होता. ती आजारी पडली तेव्हा मी तिला शेतावरच्या घरातून नागपूरला, माझ्याकडे नेलं. तिथल्या दवाखान्यात ती गेली. त्यानंतर भावाने माझा एकही फोन उचलला नाही. यंदा वहिनीने बोलावलं, भाताची रोवणी संपते आहे, या म्हणून. त्याला विचारून बोलावलं का, हे मी मुद्दाम विचारलं नाही. त्या घरात, त्या शेतात माझं अजून काही उरलंय का, एवढंच मला बघायचं होतं.

शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या झाडाखाली त्याने प्लास्टिकची खुर्ची मांडली. "बसा ताई." मग विकतच्या पाण्याची बाटली आली, बशीत बिस्किटं आली. ज्या बांधीत मी लहानपणी गुडघाभर चिखलात रोपं लावली, तिच्याकडे तोंड करून मी लग्नाला आलेल्या विहिणीसारखी बसले. चप्पल काढून उतरायला गेले तर म्हणे, "राहू द्या, साडी खराब होईल." साडी गेली खड्ड्यात! दोनदा मी आईचा विषय काढला. एकदा तो रोपांच्या पेंढ्या टाकायला निघून गेला, दुसऱ्यांदा म्हणाला, "चहा घेता का?" भिंतीवर डोकं आपटावं, तर तिथं भिंतही नव्हती.

आमच्याकडे रोवणी संपली की बाया मालकाला चिखल फासतात आणि जेवण मागतात. घरातल्या कुणालाच सोडत नाहीत. आईला तर केसांपर्यंत माखायच्या आणि ती खोटं खोटं ओरडत पळायची. शेवटची ओळ लावून झाली तशा त्या भावावर धावल्या. तोंड, बनियन, काही सोडलं नाही. मग एक म्हातारी ओंजळभर चिखल घेऊन माझ्याकडे वळली. "हे बी मालकीणच हाय वं!"

मी पदर खोचून उभी राहिले. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

भाऊ मधे आला. "त्यायले नोका लावू. पाहुण्या हायेत त्या."

म्हातारीने हात खाली घेतला. आता मात्र माझं डोकं फिरलं. धुऱ्यावरून बांधीत उतरले, दोन्ही मुठी भरल्या आणि चिखल त्याच्या छातीवर हाणला.

"पाहुणी कोणाले म्हणून राह्यला रे? त्यापेक्षा शिव्या दे मले!"

बाया मागे सरकल्या. त्याने डोळे पुसले, तर हातावरचा चिखल आणखी डोळ्यांत गेला. तसाच तो ओरडला, "काहून नेलं तिले? रोज म्हणत होती, मले माह्या घरी मरू द्या. तू आयकलं नाही!"

"मले तिले मरूच द्यायचं नव्हतं!"

वहिनी धावत मधे आली. आम्ही दोघंही एकदमच तिच्यावर खेकसलो, "तू थांब वं!"

ती थांबली. मग आम्ही भांडायला लागलो.