दगडांच्या वर्तुळातली पंगत

"त्यांना पिढ्यांचा अनुभव आहे हो. उगीच का मंडळाने ते खातं त्यांच्याकडे दिलंय?"

भाऊसाहेब हसत म्हणाले. हातात कोथिंबीरवडीची डिश होती. सतरंजीवर बसलेली माणसं हसली. सगळी नाही. जी हसली नाहीत ती आपापल्या डिशमध्ये बघत राहिली.

मी उभा होतो. माझे वडील जाऊन तेविसावा दिवस होता.

ती आमच्या मराठी मंडळाची हिवाळी सहल होती. शुक्रवारची दुपार. दोह्यापासून उत्तरेला, अल खोरच्याही पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलेला माळ. विश्वचषकाच्या तयारीची ती वर्षं. सगळा देश खणून ठेवलेला होता, पण इथवर अजून क्रेन पोचली नव्हती. एका खडकाळ उंचवट्यावर गुडघाभर दगडांचं वर्तुळ होतं. पंधरा पावलं रुंद. फार जुनं. त्या वर्तुळात सतरंज्या पसरून मंडळ जेवायला बसलं होतं.

मी सहलींना सहसा जात नसे. या सहलीला दगडांसाठी गेलो.

आमचं गाव नागपूरजवळ. गावाबाहेरच्या पडीक माळावर अशीच वर्तुळं आहेत, वीस-पंचवीस. मी लहान असताना तिथे विद्यापीठाची माणसं यायची, तंबू ठोकायची, खणायची. माझा बा त्यांच्याकडे मजूर होता. आधी त्याच्या हाती घमेलं होतं, मग कुदळ, आणि शेवटच्या वर्षांत ब्रश. मातीचा रंग किंचित बदलला की बा हात वर करायचा, आणि विद्यापीठातले मोठमोठे डॉक्टर धावत यायचे. मी डबा घेऊन गेलो की वर्तुळाबाहेरच मला थांबवायचा. म्हणायचा, "पायातलं काढ. कोनाचं तरी मानूस आहे इथं."

त्या माळामुळे मी इतिहासात एम.ए. केलं. नोकरी मिळाली नाही. कतारला आलो. दोह्यातल्या मुशैरिब भागात एका कचेरीत डॉक्युमेंट कंट्रोलर झालो. रस्त्यांचे नकाशे येतात. त्यांना नंबर द्यायचे, शिक्के मारायचे, पुढे पाठवायचे.

बा गेला तो गुरुवार होता. संध्याकाळ. देशाबाहेर जायचं तर तेव्हा कंपनीच्या सहीचा कागद लागायचा. सही करणारा माणूस शुक्रवार-शनिवार फोन उचलत नव्हता. रविवारी सही झाली. सोमवारी मी घरी पोचलो. बहिणीने अग्नी दिला होता. तिने मला एक लहान मडकं दाखवलं आणि म्हणाली, "दादा, थांबवता आलं नाही." दहा दिवसांनी परत आलो.

मंडळाच्या ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. माझ्या दोह्यातल्या घरी कोणी आलं नाही. त्याच्या आदल्या महिन्यात भाऊसाहेबांच्या सासूबाई पुण्यात वारल्या. तेव्हा अल हिलालमधल्या त्यांच्या बंगल्यात शोकसभा झाली होती. सतरंज्या मीच घातल्या होत्या. पाणी मीच फिरवलं होतं.

माझ्याकडे आले ते एकटे दाऊदभाई. रत्नागिरीकडचे. एका कंपनीची छोटी बस चालवतात. माझ्या हातात कायम पुस्तक असतं म्हणून मला प्रोफेसर म्हणतात. दोन तास काही न बोलता बसले. उठताना म्हणाले, "मंडलाची सहल हाय, बस माजीच हाय. थितं तुज्या बापाचे गोल दगड हायत. चल."

"नको दाऊदभाई. माणसं नकोत."

"मानसां असतील तर असतील. तू दगडांकडे बग."

म्हणून गेलो. मला त्या दगडांपाशी पाच मिनिटं एकट्याने उभं राहायचं होतं. एवढंच.

बस थांबली तेव्हा मी दाऊदभाईंबरोबर पाण्याचे खोके उतरवत होतो. वर चढून पाहतो तर वर्तुळात पंगत बसलेली. एका दगडावर ताकाचा कॅन ठेवलेला. मुलांनी दोन दगड हलवून स्टंप केलेले. मला ठाऊक होतं कुठे बसलेत ते. मी बोललो नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. बा गेला त्याला तेवीस दिवस झाले होते आणि मी बोललो नाही. चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि बाहेर उभा राहिलो.

भाऊसाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. रास लफानच्या गॅस प्रकल्पात मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. त्यांची पत्नी वैशालीवहिनी. वहिनींनी मला पाहिलं आणि हाक मारली. "अहो, तुम्ही इतिहासात एम.ए. ना? मुलांना सांगा की काहीतरी. इंग्लिशमध्ये सांगा हं, नाहीतर बोअर होतात ती."

मुलं जमली. मी सांगितलं. फार पूर्वी माणसं आपल्या मेलेल्यांसाठी असे दगड रचत. आमच्या गावाकडेही आहेत. हेही बहुधा तसंच असावं.

एक मुलगी म्हणाली, "सो इज समवन अंडर अस?"

"हो," मी मराठीत म्हणालो.

आधी एक काकू उठल्या. "अगं बाई! कालच्या सत्यनारायणाचा प्रसाद आहे की डब्यात!"

कोणीतरी म्हणालं, "चला, घरी जाऊन पुन्हा आंघोळ. गीझर लावून ठेवायला सांगा."

हशा. वहिनी मात्र चिडल्या होत्या. "माहीत होतं तर आधी नाही का बोलायचं? तुमचं ठीक आहे, तुम्हाला सवय आहे. आमची मुलं आहेत इथे."

एक नवीन लग्न होऊन आलेली मुलगी होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "कसली सवय?"

तेव्हा भाऊसाहेब ते वाक्य बोलले. पिढ्यांचा अनुभव.

ते खातं म्हणजे मयताचं खातं. त्या वर्षांत कामावरची माणसं मरत होती. कोणी उन्हात पडायचं, कोणी परांचीवरून, कोणी झोपेतून उठायचंच नाही. त्यातलं कोणी मराठी निघालं की मजूर राहतात त्या कॅम्पचा माणूस मंडळाला फोन करायचा, आणि मंडळ मला. शवागारात जाऊन ओळख पटवायची. दूतावासाचा कागद आणायचा. पासपोर्ट रद्द करून घ्यायचा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे ना, पाहायचं. शवपेटी बंद होताना हजर राहायचं, मग कार्गोचं गोदाम. एक नवा पांढरा शर्ट मी स्वतः नेत असे. कारण घरून बायका दोनच गोष्टी विचारतात. अंगावर काय घातलंय? चेहरा बघता येईल का?

पाच वर्षं हे केलं. दाऊदभाई सोबत असायचे. बाकी कोणी कधी आलं नाही. मला वाटायचं, हा माझ्यावरचा विश्वास आहे. मी शांत आहे, कागदपत्रांतलं कळतं, म्हणून मला सांगतात. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. गावी फोनवर बाला सांगितलं होतं. बा म्हणाला, "कोनी सांगितलं तुले हे काम?" मी म्हणालो, मंडळाने. त्याने विषय बदलला.

माझे आजोबा गावचे महार. गावात कोणी मेलं की पाटलाचा माणूस वस्तीच्या तोंडाशी येऊन नुसती हाक मारायचा. आजोबा उठून चालू लागायचे. दहा कोस, बारा कोस. सोयऱ्यांच्या अंगणाबाहेर उभं राहून सांगावा द्यायचा: तुमचं अमुक माणूस गेलं. वरून टाकलेली भाकर झेलायची. परत यायचं, सरपण फोडायचं. मयत उचलायला मात्र त्यांची माणसं, आजोबांचा हात लागायचा नाही.

बा अठरा वर्षांचा असताना आजोबा आजारी होते म्हणून हाक त्याला आली. बा दारातूनच म्हणाला, "तुमचं मेलं, तुम्हीच सांगा." पुढे वर्षभर वस्तीतल्या कोणालाच गावात काम मिळालं नाही. आजी बोल लावायची. बा शब्दावरून हटला नाही. मग माळावर तंबू पडले, आणि बा मजुरी मागायला तिकडे गेला. हाडंच उकरायला. पण मागायला तो आपल्या पायांनी गेला होता.

त्या वर्तुळाबाहेर हे सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं. आणखीही एक आठवलं. मंडळात मी पहिल्यांदा गेलो तो दिवस. भाऊसाहेबांनी गाव विचारलं, मग आडनाव. मग म्हणाले, "हां हां. म्हणजे तुम्ही जयभीमवाले. छान, छान. आमच्यात असलं काही नसतं हं." त्यानंतर आठच दिवसांनी पहिल्या मयताचा फोन आला होता. पाच वर्षांत मी हे दोन दिवस कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

बाने दारात उभं राहून जे नाकारलं, ते घ्यायला मी विमानात बसून आलो होतो. एम.ए. होऊन. आणि बाला ते कळलं होतं. ते मनात घेऊनच तो गेला.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन वाजला. ते हिंदीत बोलले. "हां... कब? अच्छा, अच्छा. एक मिनट, हमारे आदमी से बात कीजिए."

आणि त्यांनी फोन माझ्याकडे केला. माझ्याकडे न बघता. दुसऱ्या हाताने ते वडी उचलत होते.

माझा हात वर गेला नाही.

"घ्या ना. नांदेडकडचा गवंडी आहे. सकाळी कॅम्पमध्येच गेला."

"आज तुम्ही बोला."

"अहो, मला त्यातलं काय कळतंय?"

"मलाही पहिल्या दिवशी कळत नव्हतं. मी शिकवतो. रविवारी सकाळी सात वाजता शवागाराच्या दाराशी या."

"रविवारी? शटडाऊन चाललाय आमच्याकडे."

"मलाही ऑफिस असतं, भाऊसाहेब."

भाऊसाहेब आवाज मऊ करून म्हणाले, "वडील गेलेत तुमचे. मनःस्थिती नाही. आम्ही समजू शकतो."

तेवीस दिवसांत या माणसाने बाचं नाव पहिल्यांदा काढलं. तेही मला गप्प करायला.

मी विचारलं, "माझे वडील गेले तेव्हा तुमच्यातलं कोण आलं?"

फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

"मेलेल्या माणसावरून राजकारण करताय तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले.

"नंबर द्या त्याच्या घरचा."

त्यांचा चेहरा सैल झाला. कॅम्पवाल्याकडून नंबर घेऊन त्यांनी मला कागदी रुमालावर लिहून दिला. म्हणाले, "मला माहीत होतं. तुम्ही नाही म्हणणारच नाही."

"नाहीच म्हणतोय. हा माणूस माझा आहे म्हणून मी जाईन. मंडळाचा म्हणून जाणार नाही. यापुढे कधीच नाही. माझं नाव त्या खात्यातून काढा, आणि तिथे तुमच्यापैकी एकाचं घाला."

"कोणाचं?" वहिनी चटकन म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं, त्या काय बोलल्या ते. त्यांनी प्रसादाचा डबा बंद केला.

मी खाली उतरलो. अनवाणी. खडे टोचत होते. दाऊदभाई बसच्या सावलीत बसून जेवत होते. त्यांना वर कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झाला रे? पानी पी आधी."

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ही अक्कल तुला पाच वरसां आधी सुचली असती तर?"

"रविवारी येणार?"

"इचारतोस काय? येनार."

बसच्या पायरीवर बसून मी नांदेडकडे फोन लावला. गवंड्याच्या भावाने उचलला. त्याला सकाळीच कळलं होतं. आवाज बसलेला.

"मंडळाकडून बोलताय का साहेब?"

"नाही."

"मग तुम्ही कोण?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. म्हटलं, "मीही गावाकडचाच आहे. रविवारी मी त्यांच्याजवळ असेन. पेटी बंद होईपर्यंत."

तो मागे वळून कोणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "वहिनी विचारतेय, तोंड बघता येईल ना?"

"येईल," मी म्हणालो. आणि तेव्हा मला रडू आलं. बाचं तोंड मला बघता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाला पत्र लिहिलं. सभासदत्व सोडलेलं नाही. का सोडू? त्यात लिहिलं आहे की कामावर मेलेल्या प्रत्येक माणसासाठी मी जाईन, पण तुमच्या निरोपावर जाणार नाही. कॅम्पच्या लोकांना मी माझा नंबर दिला आहे. पुढच्या सभेत मी येणार आहे आणि हे सगळं सगळ्यांसमोर वाचणार आहे, भाऊसाहेबांच्या त्या वाक्यासकट.

शेवटी लिहिलं: तुमच्या घरचं कोणी गेलं तर मी येईन. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. पेटी तुम्ही उचला.