सावलीला बसलेली बाई

त्या दिवशी केळापूरच्या देवीपुढे मी नक्की काय मागितलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. लेक बरी होऊ दे म्हणावं, तर तिला झालंय काय, हेच कळत नव्हतं. माझी वैशाली यवतमाळला कॉलेजात शिकत होती. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. गल्लीतली माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं म्हणायची. बाहेर पाहावं तर गल्ली रिकामी. पुढे पुढे कोणाच्या हातचं खाईना. त्यात काही घातलंय, असा तिला संशय. माझ्या सासरकडचे म्हणाले, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. तिचे बाबा म्हणाले, लग्न करून टाकू, आपोआप सुधारेल. मला दोन्ही पटत नव्हतं आणि तिसरं काही सुचत नव्हतं.

म्हणून ओटी घेऊन केळापूरला गेलो. रांगेत थोडं पुढे सरकलो आणि वैशाली थबकली. आत येणार नाही म्हणून बाहेर झाडाखाली जाऊन बसली. मी रांगेतच घुटमळत राहिले. देवीला सोडून लेकीकडे जावं, की लेकीला सोडून देवीकडे? शेवटी पुढे गेले. ओटी ठेवली, हात जोडले. "तूच पाहा," एवढंच म्हणाले.

बाहेर आले तर वैशालीजवळ एक अनोळखी बाई बसली होती, आणि वैशाली तिच्या हातातले फुटाणे खात होती. माझे पाय तिथेच थांबले. बाईंनी मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "पोरीले आवाज ऐकू येतेत का?"

आवाजांचं मी घराबाहेर कोणाजवळच बोलले नव्हते. मला रडूच आलं.

"माह्या पोराले येत होते," त्या म्हणाल्या. "बिमारी आहे ही, बाई. यावर दवाई आहे."

मारेगावला दर आठवड्याला अशा मुलांच्या घरचे एकत्र बसतात, समुपदेशक ताई असतात, अधूनमधून डॉक्टर येतात, हे त्यांनीच सांगितलं. आमचं गाव तिथून जवळच, तरी मला पत्ता नव्हता.

आम्ही जाऊ लागलो. गोळ्या सुरू झाल्या. आधी वैशाली नुसती झोपायची, मला वाटायचं हे आणखीच बिघडलं. तिचे बाबा सुरुवातीला दाराबाहेरच उभे राहत. ताईंनी त्यांना शांतपणे समजावलं की लग्न हा यावरचा उपाय नाही. एके दिवशी ते आत येऊन बसले, आणि म्हणाले, माझी पोर घाबरते, मला बघवत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तिथेच त्या बाई पुन्हा भेटल्या. देवीनंच तुम्हाला पाठवलं, म्हणत मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला धरून उठवलं.

"आम्ही बौद्ध आहो, बाई. मी दर्शनाले नव्हती आली. माही बस सुटली, म्हून सावलीले बसली होती."

तेव्हापासून मन गोंधळलं ते गोंधळलेलंच. बस सुटली हा योगायोग की कृपा? त्या बाई देवीला मानत नाहीत, मग देवीनं त्यांना कसं निवडलं? मी दिवा लावते, वैशालीला गोळी देते, आणि यातल्या कशानं काय झालं याचा उलगडा मला होत नाही.

वैशालीला ऐकू येणारे आवाज कमी झालेत, गेले नाहीत. कधी कधी ती स्वयंपाकघरात येऊन विचारते, "आई, आता कोणी बोलून राह्यलं का?" मी हातातलं काम थांबवून कान देते. कोणी बोलत असेल तर हो म्हणते, नसेल तर नाही म्हणते. मी नाही म्हणते तेव्हाही तिला ते आवाज ऐकू येतच असतात. तरी ती स्वतःच्या कानांचं सोडून माझं खरं मानते आणि पोळ्या लाटायला बसते. शरण जाणं म्हणजे काय, हे मला माझ्या लेकीकडे बघून थोडं थोडं कळू लागलंय. एवढा विश्वास मला कोणावर टाकता येईल का, ठाऊक नाही. ज्यानं कोणी तो तिला दिला, त्याला माझे हात जोडलेले आहेत.